आंबा-काजूच्या बागेत दहा मीटरची एअर रायफल रेंज कशी बांधावी

बागेत रेंज करायची म्हटली की बहुतेक जण आधी टार्गेट कुठे टांगायचं ते बघतात. सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. टार्गेटच्या मागे काय आहे, त्याच्याही मागे काय आहे, आणि तिथून कोण येतं-जातं हे आधी बघायचं. पैसे वाचवायला जागा भरपूर आहेत: खांब, छप्पर, टेबल, टार्गेटची चौकट. मागच्या भिंतीत मात्र काटकसर करू नका.

हे सगळं ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे .१७७ कॅलिबरच्या एअर रायफल आणि एअर पिस्तुलासाठी आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे या कॅलिबरच्या आणि २० जूलपर्यंत मझल एनर्जी (नळीतून सुटताना गोळीची ऊर्जा) असलेल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. विकत घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. पावती जपून ठेवा आणि तिची एक प्रत बंदुकीच्या पिशवीतच असू द्या. स्पर्धेची १० मीटर रायफल अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचं पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगाने सोडते. म्हणजे ऊर्जा जेमतेम ८ जूल. बाजारातल्या दणकट स्प्रिंग गन मात्र २० जूलच्या जवळ जातात. आपल्याकडे कोणती आहे त्यावर ट्रॅपच्या, म्हणजे टार्गेटमागे पेलेट झेलणाऱ्या पेटीच्या, पत्र्याची जाडी ठरते.

स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझ मिळवल्यापासून ‘आमच्या शेतात ५० मीटरची रेंज होईल का’ असं बरेच जण विचारतात. तो प्रकार .२२ रायफलचा आहे. तिला परवाना लागतो आणि तिची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. ती परवानाधारक रेंजवरच चालवायची, बागेत नाही. उभ्या पोझिशनचा पाया १० मीटरवरही पक्का होतो आणि तेवढं घरी जमतं.

जागा

सातबारा उतारा काढून शेरा बघा. जमीन खासगी वन म्हणून नोंदलेली असेल, तर तिथे माती उकरणं आणि बांधकाम हा वेगळा कायदेशीर विषय होतो. तलाठ्याकडे आणि वनखात्याकडे विचारल्याशिवाय फावडं उचलू नका. रेंजसाठी झाड तोडायची वेळ येऊ नये अशीच जागा निवडा. आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जमिनीत असली तरी ती बुंध्यापासून तोडायला परवानगी लागते. फांद्या छाटून काम भागतं, आणि भागवावंच.

हापूसची जुनी लागवड १० बाय १० मीटरवर असते. दोन ओळींमधला पट्टा रेंजला नेमका पुरतो. काजू त्याहून जवळ लावलेला असतो आणि त्याच्या फांद्या खाली लोळतात, म्हणून काजूच्या बागेत छाटणी जास्त पडते. एकूण जागा १५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद लागते: फायरिंग लाइनच्या (नेमबाज जिथे उभा राहतो त्या रेषेच्या) मागे ३ मीटर, मग १० मीटर, उरलेल्यात ट्रॅप आणि भिंत. दोन लेनना हे पुष्कळ झालं. लेनची रुंदी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमाप्रमाणे किमान १ मीटर असते. बागेत दीड मीटर ठेवा.

कोकणातल्या उताराच्या बागेत मजगी, म्हणजे पायऱ्यांसारखे सपाट टप्पे, असतात. वरच्या मजगीचा उभा बांध तीन मीटरच्या आसपास उंच असेल, तर निम्मा खर्च वाचला. पण तो बांध जांभ्याचा असेल तर त्यावर थेट नेम धरायचा नाही. जांभ्याचा टणक दगड पेलेट कुठेही उडवतो. कोणत्या कोनात उडेल ते सांगता येत नाही, कारण दगडाचा पृष्ठभागच खडबडीत. बांधासमोर मातीच्या गोणींचा एक थर लावा, मग तो उत्तम.

दिशा शक्यतो उत्तरेची, म्हणजे नेमबाजाचं तोंड उत्तरेकडे. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, तो पाठीशी राहतो. पण चांगला बांध पूर्वेला आणि मोकळं माळरान उत्तरेला असेल, तर बांधच निवडा आणि सकाळऐवजी दुपारनंतर सराव करा. बांधाच्या वरून पायवाट, गुरांची वाट, विहीर किंवा घर असेल, तर ती जागा सोडून द्या. भिंतीवरून सुटलेलं पेलेट दोनशे-तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतं, आणि जवळच्या अंतरावर ते डोळा घालवू शकतं.

मागची भिंत

नळी ५ अंशांनी हलली तर १० मीटरवर पेलेट ८७ सेंटिमीटर बाजूला जातं. नवखा माणूस चाप ओढताना एवढं सहज हलतो. म्हणून भिंत टार्गेटच्या दोन्ही बाजूंना किमान एक मीटर जास्त रुंद हवी. दोन टार्गेटांचे मध्य दीड मीटरवर असतील, तर भिंत ३.६ मीटर रुंद धरा.

सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्या घ्या. पाऊण भरून तोंड शिवलेली ५० किलोची गोणी आडवी टाकली की साधारण ६० बाय ४० सेंटिमीटर जागा घेते आणि थापल्यावर १३ सेंटिमीटर उंच राहते. एका थरात ६ गोण्या, असे १५ थर म्हणजे ९० गोण्या आणि जवळपास १९५ सेंटिमीटर उंची. खालचे ५ थर दुहेरी घाला, त्याच्या आणखी ३०. एकूण १२० गोण्या आणि दीड ब्रास माती. विटांसारखे सांधे चुकवत रचा, आणि प्रत्येक थर मागे दोन-तीन सेंटिमीटर सरकवा, म्हणजे भिंत मागे रेलेल. सरळ उभी रचलेली भिंत पहिल्या पावसात पुढे पोट काढते आणि मग कोसळते. गोणी चाळीस किलोची होते, म्हणून वरचे थर दोघांनी मिळून चढवा.

माती चाळलेली हवी. चाळण न लावता भरली की गोणीत खडे राहतात, गोणी फाटली की तेच खडे समोर येतात, आणि वर्षभरानंतर पेलेट टणकन उडायला लागतात. तेव्हा कारण सापडत नाही, कारण भिंत ‘मातीची’ असते.

१९५ सेंटिमीटरवर थांबून चालत नाही. त्याच्या वर १९ मिलिमीटर प्लायची १.२ मीटर उंच पट्टी खांबांवर बसवा. ८ बाय ४ फुटांचे दीड शीट पुरतं. प्लायच्या समोर १५ सेंटिमीटर अंतर सोडून जुनी सतरंजी, गोधडी किंवा दुहेरी गोणपाट सैल लोंबकळत ठेवा. सैल कापड पेलेटचा जोर मारतं आणि प्लाय त्याला पलीकडे जाऊ देत नाही. ताणून बांधलेलं कापड हे काम करत नाही, ते आरपार फाटतं. आता एकूण उंची तीन मीटरच्या वर गेली. जिथे नैसर्गिक बांधच तेवढा उंच आहे, तिथे प्लायची गरज नाही.

गोण्या प्लॅस्टिकच्या धाग्याच्या असतात आणि उन्हाने त्यांचा वर्षभरात भुगा होतो. वरून शेडनेट किंवा जुनी ताडपत्री सोडली की दोन-तीन वर्षं टिकतात.

खांब सुरूचे किंवा बांबूचे. ६० सेंटिमीटर खड्ड्यात, आणि जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर फासून. नाहीतर वाळवी पहिल्या पावसाळ्यानंतर खांब आतून पोकळ करते आणि वरून तो शाबूत दिसत राहतो. प्लायची चौकट किंवा टार्गेट झाडाला ठोकण्याचा मोह मोठा असतो, कारण झाड फुकट उभं आहे. ठोकू नका. वाऱ्याने झाड डोलतं आणि त्याबरोबर टार्गेटही. खिळ्याच्या जखमेतून आंब्यात भिरूड आणि काजूत रोठा या खोड पोखरणाऱ्या किडींना शिरायला वाट मिळते. पन्नास वर्षांचं कलम एका खिळ्यापायी गमावणं परवडत नाही.

पेलेट ट्रॅप

भिंत ही चुकलेल्या नेमासाठी असते, रोजचा मारा ट्रॅपने झेलायचा. दोन प्रकार स्वस्तात होतात.

पहिला चिंध्यांचा. आतून ४५ बाय ४५ सेंटिमीटर आणि २५ सेंटिमीटर खोल अशी प्लायची पेटी, मागच्या तळाला ३ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा. तो भंगारवाल्याकडे वजनावर मिळतो. आत सुती चिंध्या, जुने टॉवेल, साड्या ठासून भरायच्या. बटणं, चेन, हुक काढून टाका. दर्शनी बाजूला जाड खोक्याचा पुठ्ठा, त्यावर टार्गेट. पेलेट पुठ्ठा भेदून चिंध्यांत शिरतं आणि थांबतं. आवाज जवळजवळ होत नाही, ही याची मोठी सोय. दोष एकच: सगळे शॉट मध्यभागीच लागत असल्याने तिथे बीळ पडतं आणि पेलेट मागच्या पत्र्यावर ‘टण’ करायला लागतं. तो आवाज आला की चिंध्या उलटसुलट करून पुन्हा ठासा. साधारण पाचशे शॉटनंतर एकदा बघायची सवय ठेवा.

दुसरा तिरक्या पत्र्याचा. ३ मिलिमीटरचा पत्रा ४५ अंशांत, वरची कड नेमबाजाकडे आणि खालची कड मागे, म्हणजे पेलेट खाली वाळूच्या ट्रेमध्ये वळतं. दोन्ही बाजू आणि वरची बाजू बंद हवी, कारण शिसं पत्र्यावर चपटं होऊन त्याच्या बारीक ठिकऱ्या पत्र्यालगत बाजूला उडतात. पत्रा उभा लावला तर पेलेट सरळ परत येतं. उलटा तिरका लावला तर ते वर, फांद्यांमध्ये जातं. वेल्डरला कोन समजावून सांगताना कागदावर बाण काढून द्या.

टायर, रबरी चटई, लाकडाचा ओंडका, वीट यांच्यावर नेम धरू नका. रबराला माणसं ‘मऊ’ समजतात. ते पेलेट परत फेकतं. स्टीलचे गोल छर्रे या रेंजवर आणायचेच नाहीत. फक्त शिशाचे पेलेट, आणि रायफलीला शक्यतो चपट्या टोकाचे, कारण ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात.

ट्रॅप तयार झाला की चाचणी घ्या. त्याच्यापुढे एक मीटरवर मोठा पांढरा चार्ट पेपर टांगा आणि मध्ये वीतभर भोक कापून त्यातून पन्नास शॉट मारा. कागदावर मागच्या बाजूने एक जरी टोचा किंवा फाट दिसली, तर ट्रॅप पेलेट परत टाकतोय. तो दुरुस्त होईपर्यंत रेंज बंद. चाचणीच्या वेळीही, नंतरही, नेमबाजाच्या आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवा.

मापं

नियमाप्रमाणे टार्गेटचा मध्य फायरिंग लाइनच्या जमिनीपासून १.४० मीटर उंच असतो आणि ५ सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. उताराच्या बागेत डोळ्याने हे मापता येत नाही. गवंड्याची लेव्हल ट्यूब आणा: १५ मीटर पारदर्शक नळी, पाणी भरून, आतले बुडबुडे काढून. एक टोक फायरिंग लाइनवर १.४० च्या खुणेला धरा, दुसऱ्या टोकाला टार्गेटच्या खांबावर पाणी जिथे थांबेल तोच मध्य. ट्रॅपजवळची जमीन खाली-वर असली तरी फरक पडत नाही.

अंतर स्टीलच्या टेपने मोजा, कापडी टेप ताणला जातो. १० मीटर म्हणजे फायरिंग लाइनच्या नेमबाजाकडच्या कडेपासून कागदाच्या पृष्ठभागापर्यंत. ट्रॅपच्या पाठीपर्यंत नाही. ही चूक फार होते, आणि पंचवीस सेंटिमीटरने जवळ उभं राहून केलेला सराव स्पर्धेत फसवतो.

उभं राहायची जागा घट्ट हवी. पालापाचोळा आणि वरची भुसभुशीत माती काढा, १० सेंटिमीटर मुरूम टाकून पाणी मारा आणि धुमसाने ठोका. जांभ्याचे चिरे जमिनीच्या पातळीत बसवले तर आणखी चांगलं. नुसत्या मातीवर प्लायचा तुकडा टाकून उभे राहिलात तर तो डुगडुगतो, आणि तुम्ही महिनाभर तोल सुधारत बसाल. समोर ७० ते ८० सेंटिमीटर उंच टेबल. जुनी बाकं चालतात.

टार्गेट घरी छापणार असाल तर प्रिंटरवर ‘शंभर टक्के’ आकार ठेवा. पानात बसवण्याचा पर्याय चालू राहिला की टार्गेट लहान होतं आणि गुण कमी पडतात. छापल्यावर पट्टीने मोजा: रायफल टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटर, सगळ्यात बाहेरची कडी ४५.५, मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. पिस्तुलाचा काळा भाग ५९.५, बाहेरची कडी १५५.५ आणि दहाची ११.५. साधा झेरॉक्स कागद फाटतो आणि भोकाची कड कळत नाही. २०० जीएसएमचा कार्ड पेपर वापरा.

झाडांखालचा उजेड आणि वारा

झाडांखालच्या रेंजची खरी डोकेदुखी कवडसे आहेत. पानांतून पडलेला उन्हाचा तुकडा टार्गेटवर सरकत राहतो. पीप साइटमधून (नेम धरायच्या बारीक भोकातून) बघताना काळ्या गोलाचा आकारच बदलल्यासारखा वाटतो आणि ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, वर-खाली सरकतो. माणूस साइटचे क्लिक फिरवत बसतो, ढग आला की पुन्हा सगळं चुकतं. उपाय सोपा: ट्रॅपवर पत्र्याचं दोन फूट पुढे आलेलं छप्पर आणि दोन्ही बाजूंना शेडनेट, म्हणजे टार्गेट कायम सावलीत. मग आत एलईडी दिवा. नियमाची किमान पातळी टार्गेटवर १५०० लक्स आहे. दिवा टार्गेटच्या पुढे-वर, आडोशाच्या पट्टीमागे, नेमबाजाच्या डोळ्यांत येणार नाही असा. वीज बागेत ओढायची असेल तर ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय नको. १२ व्होल्टच्या बॅटरीवरचा दिवा त्याहून सुटसुटीत.

वारा १० मीटरवर काय करणार, असं वाटतं. सेकंदाला ३ मीटरचा आडवा वारा हलकं पेलेट काही मिलिमीटर सरकवतो. रायफल टार्गेटच्या कड्या अडीच मिलिमीटरवर असतात, म्हणजे एखादा गुण सहज गेला. किनारपट्टीवर सकाळी उशिरापासून खारे वारे सुटतात. तोंड उत्तरेला असेल तर ते डावीकडून येतात आणि शॉट उजवीकडे जातात. सराव सकाळी लवकर करा, आणि पश्चिमेच्या बाजूला संपूर्ण १० मीटर लांब, दोन मीटर उंच शेडनेटची भिंत घाला. ७५ टक्क्यांचं हिरवं नेट पुरे.

पेलेटच्या वाटेतल्या फांद्या दोन्ही बाजूंना मीटरभर आणि वर तीन मीटरपर्यंत छाटा. आंब्याच्या पानाचा देठ लागला तरी पेलेट दिशा बदलतं. छाटलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावा.

माणसं, गुरं, साप, शिसं

रेंज चालू असताना दोन्ही बाजूंच्या वाटांवर लाल निशाण आणि आडवी दोरी. राखणदार, शेजारचे बागायतदार, शेळ्या चारणारे आणि पोलीस पाटील या सगळ्यांना निशाणाचा अर्थ आधीच सांगून ठेवा. मोहोरावर फवारणी चालू असताना आणि एप्रिल-मे महिन्यांत आंबा उतरवताना बागेत गडीमाणसं कुठूनही निघतात. त्या दिवसांत सराव नाही. पुढे जाऊन टार्गेट बदलण्याआधी सगळ्या बंदुका उघड्या, टेबलावर, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण). ग्रास कटरची नायलॉन दोरी नळीभर लांब कापली की ती फ्लॅगचं काम करते. मुलं असतील तर एक मोठा माणूस फक्त लक्ष ठेवायला, हातात बंदूक न घेता.

पक्षी, खार, वानर यांच्यावर नळी वळवायची नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो गुन्हा आहे, परवाना न लागणारी एअर गन असली तरी.

गोण्यांच्या भिंतीत उंदीर शिरतात आणि उंदरांमागे साप. जांभ्याच्या कातळावर फुरसं असतं. ते लहान, मातीच्या रंगाचं आणि सहज न दिसणारं. चिंध्यांच्या पेटीत कधीही सरळ हात घालू नका, आधी काठीने उचका. पायात गमबूट.

शिशाकडे दुर्लक्ष करू नका. पाच हजार पेलेट म्हणजे अडीच किलोवर शिसं, आणि कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने ते त्यात लवकर विरघळतं. ट्रॅपखाली जाड प्लॅस्टिक अंथरा, पेलेट दर महिन्याला चाळून झाकणाच्या डब्यात भरा आणि भंगारात शिसं म्हणून द्या. घरी वितळवू नका, त्याची वाफ आणि धूळ अंगात जाते. ट्रॅपच्या आसपास भाजी लावू नका, गुरं चरू देऊ नका. शिशाने गुरं मरतात. विहीर आणि पऱ्ह्यापासून (ओढ्यापासून) रेंज लांब हवी. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाणंपिणं नाही, लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात नाही.

मेअखेरीला प्लाय, चिंध्यांच्या पेट्या आणि दिवा काढून माळ्यावर ठेवा. भिंतीवर ताडपत्री दोरीने घट्ट आवळा आणि पायथ्याशी पाणी वाहून जायला चर खणा. दसऱ्याच्या सुमारास परत उभारताना आधी भिंत बघा: कुठे पोट आलंय का, कोणत्या गोणीतून माती गळाली आहे का, मधल्या भागात खड्डा पडलाय का. मग खांब हलवून बघा, लेव्हल ट्यूब पुन्हा लावा आणि चार्ट पेपरची पन्नास शॉटची चाचणी नव्याने घ्या.